गाडग्याची छाप

नोव्हेंबरच्या शेवटी बोदलकस्याला जाण्यासारखे दुसरे सुख आमच्या भागात नाही. धानाची कापणी आटोपत आलेली असते, बांध्यांमध्ये भारे पडलेले असतात, हवेला ताज्या तणसाचा वास असतो आणि तलावावर थंडीचे पाहुणे पक्षी उतरू लागलेले असतात. तिरोडा तालुक्यातला हा तलाव इंग्रजी अमदानीतला. भोवती टेकड्या आणि जंगल, पाणी अडवून धरणारी मातीची लांब पाळ, आणि सकाळच्या धुक्यात डोंगा वल्हवत जाळी तपासणारे ढिवर. बँकेच्या नोकरीत असताना या बाजूच्या गावांत माझे येणे-जाणे होते. निवृत्तीनंतर ते कामाचे राहिले नाही, पण थांबलेही नाही.

यंदा माझ्याबरोबर पुण्याहून आलेला भाचा होता. पाळीवर पोचल्या पोचल्या त्याने तीन पायांचा एक लहानसा स्टँड उभा केला, त्यावर मोबाइल बसवला आणि तलावाकडे पाठ करून स्वतःचेच चित्रण सुरू केले. चार वेळा तेच वाक्य, चार वेगवेगळ्या तऱ्हेने हसून. मी विचारले तेव्हा कळले की तो आपला 'पर्सनल ब्रँड' उभारतो आहे. म्हणजे काय, तर माणसाने आपली अशी एक ओळख तयार करायची की नाव निघाले की चित्र डोळ्यांपुढे यावे. पोशाख ठरावीक, बोलण्याची ढब ठरावीक, रंगसुद्धा ठरावीक. आणि यातली मुख्य अट अशी की हे सगळे अस्सल वाटले पाहिजे. त्यासाठी त्याने पैसे भरून शिकवणी लावली होती.

शेजारी जाळे झटकत बसलेल्या म्हाताऱ्याने हे सगळे ऐकले आणि मला विचारले की हा पोरगा मार्क्याचे बोलतो आहे काय. अगदी बरोबर. आमच्या बाजूला मार्का हा शब्द बिडीमुळे घरोघर पोचलेला आहे. उन्हाळ्यात तेंदूपाने तोडायची, वर्षभर बिड्या वळायच्या आणि त्या बंडलावर शेवटी चिकटायची ती कारखानदाराची छापील पट्टी. कुणाचा वाघ, कुणाचा आकडा, कुणाचा तर स्वतःचा फेटेवाला फोटो. वाचता न येणारा गिऱ्हाईकही चित्र बघून बिडी मागतो. म्हाताऱ्याला ब्रँड ही गोष्ट माझ्या भाच्याइतकीच ठाऊक होती, फक्त ती माणसाला चिकटवता येते हे त्याला नवीन होते.

भाच्याने मला सहज विचारले, मामाजी, आपल्या विदर्भात असे कुणी करून दाखवले आहे काय? त्याला बहुधा एखाद्या उद्योगपतीचे नाव अपेक्षित असावे. मी त्याला गाडगेबाबांचे नाव सांगितले. तो हसला. मला हसू आले नाही, कारण मी गमतीने बोललो नव्हतो.

जरा बघा. अंगावर ठिगळांच्या चिंध्या, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा, आणि डोक्यावर किंवा हातात ते मातीचे गाडगे. चार रेघांत लहान मूलही हे चित्र काढते. महाराष्ट्रात असा दुसरा माणूस सांगा ज्याचा चेहरा काढला नाही आणि नुसता खराटा नि मडके काढले, तरी लोक नाव घेतील. ज्या माणसाला सही करता येत नव्हती, ज्याने स्वतःचा मठ काढला नाही, शिष्य केला नाही, त्याची ही ओळख त्याच्या मृत्यूला जवळजवळ सत्तर वर्षे होत आली तरी पुसलेली नाही. सरकारी योजनेला त्याचे नाव आहे, अमरावतीच्या विद्यापीठाला आहे, 1998 मध्ये टपाल तिकीट निघाले, त्याआधी 1977 मध्ये 'देवकीनंदन गोपाला' हा चित्रपट आला आणि त्यात डॉ. श्रीराम लागूंसारख्या नटाला त्या चिंध्या अंगावर चढवाव्या लागल्या. भाच्याच्या शिकवणीत हे उदाहरण असायला हरकत नव्हती. अडचण एवढीच की त्याचा मागचा हिशोब कुणाला परवडणारा नाही, आणि मला आज बोलायचे आहे ते त्या हिशोबाबद्दल.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर हे त्यांचे घरचे नाव. जन्म 23 फेब्रुवारी 1876 चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. घर परिटाचे. वडील झिंगराजी दारूच्या पायी गेले तेव्हा डेबू लहान होता. आई सखूबाई पोराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला गेली. आजोळी डेबू गुरे राखायला लागला, मग शेतीत उतरला. बैल धुवावेत, गोठा आरशासारखा ठेवावा, रात्री पोरे जमवून भजन करावे, आणि जेवताना जातीचा विचार न करता सगळ्यांनी एकत्र बसावे, हे त्याचे त्या वयातले छंद. पुढे जे जगाला दिसले त्यातले बरेचसे इथे दापुऱ्याच्या गोठ्यात आधीच होते. फक्त त्याला तेव्हा कुणी नाव दिलेले नव्हते.

मामा चंद्रभान भला माणूस. सावकाराच्या शब्दावर विश्वास ठेवून कर्ज घेतले आणि वाचता येत नसल्यामुळे कागदावर काय लिहिले आहे ते न बघता अंगठा दिला. कर्ज फेडत राहिला आणि ते वाढत राहिले. शेवटी नदीकाठचे सुपीक शेत गेले, आणि त्या धक्क्यात मामाही गेला. मी आयुष्यभर कर्जाच्या कागदांत वावरलो. अंगठ्याच्या निळ्या ठशासमोर बसलेल्या माणसाचे डोळे कसे असतात ते मला ठाऊक आहे. तो कागदाकडे बघत नाही, आपल्या चेहऱ्याकडे बघतो. कागद त्याला वाचता येत नसतो, पण समोरच्याचा चेहरा वाचता येतो असे त्याला वाटत असते. चंद्रभानाने सावकाराचा चेहरा वाचला आणि तो फसला. चरित्रकार सांगतात की पुढे सावकाराची माणसे ताबा घ्यायला आली तेव्हा डेबूजी शेतात ठाण मांडून उभा राहिला आणि त्याने ताबा दिला नाही.

बाबांच्या कीर्तनात आयुष्यभर दोन गोष्टी परत परत येत राहिल्या, दारू आणि कर्ज. कर्ज काढून सण करू नका, पोराला शाळेत घाला, ताट मोडून विका पण पोराला शिकवा, या त्यांच्या सांगण्याची मुळे पुस्तकात नव्हती. एका गोष्टीने बाप गेला होता, दुसरीने मामा. त्यांच्या बोलण्याला जे वजन होते ते तिथून आले होते, आणि ते दुसऱ्या कुणाला उसने घेता येण्यासारखे नव्हते.

मुलीच्या बारशाची गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. जातीच्या रीतीप्रमाणे बोकड आणि दारू व्हायला हवी होती. डेबूजीने गोडाचे जेवण वाढले. भावकी रागावली. आज आपल्याला हा प्रसंग लहान वाटतो, कारण आपण गावकीच्या पंगतीत उठून जाणाऱ्या माणसांची दहशत विसरलो आहोत. वाळीत पडलेल्या घराला पाणी मिळणे अवघड होई. ज्याला आयुष्यात पुढे लोकांसमोर उभे राहायचे आहे तो माणूस पहिला विरोध घरच्या अंगणात पत्करतो, हे मला त्या प्रसंगात महत्त्वाचे वाटते. तिथे टाळ्या वाजवायला कुणी नसते.

1 फेब्रुवारी 1905 च्या पहाटे, एकोणतिसावे वर्ष चालू असताना, डेबूजी घरातून निघून गेला. मागे म्हातारी आई, बायको कुंताबाई आणि लेकरे. बरोबर काहीही नाही.

इथून ती ओळख घडायला सुरुवात होते, आणि इथेच मला नेहमी थांबावेसे वाटते. त्या चिंध्या कुणी ठरवून निवडल्या नव्हत्या. वापरलेल्या कपड्यांचे तुकडे जोडून थंडीपुरते पांघरूण होत होते. गाडगे म्हणजे भाकरी घ्यायला, पाणी प्यायला आणि ऊन लागले तर डोक्यावर घालायला चालणारे भांडे, आणि ते फुटले तर कुंभाराच्या उकिरड्यावर दुसरे मिळते. खराटा तर गावात शिरल्यावर गल्लीतला पहिला झुडपाचा फाटा तोडून तयार होई. हे सगळे कमीत कमी गरजेचे सामान होते. लोकांनी त्याचे नाव केले. तेही एक नव्हे. कुणी लोटके महाराज म्हणत, कुणी गोधडेबुवा, कुणी चिंधेबुवा, कुणी चापरेबुवा. गाव बदलले की नाव बदले. आपले खरे नाव काय ते त्यांनी कुणाला दुरुस्त करून सांगितल्याचे आढळत नाही. आजच्या जाहिरातवाल्याला हे ऐकून झीट येईल, पण जो तो आपल्या डोळ्यांना दिसेल ते नाव ठेवत होता आणि त्यातले गाडगे शेवटी उरले.

तरीसुद्धा मी असे म्हणणार नाही की त्यांना आपल्या रूपाचा परिणाम कळत नव्हता. भाबडेपणाचा आरोप त्यांच्यावर करू नये. गोनीदांसारख्या, त्यांच्याबरोबर काही काळ हिंडलेल्या लेखकाने आणि प्रबोधनकार ठाकऱ्यांनी 1952 च्या चरित्रात जो माणूस उभा केला आहे तो फार हुशार आहे. गावात शिरताना त्याची पद्धत अशी असे. वेशीपासून झाडायला सुरुवात. कुणाशी बोलणे नाही. लोक वेडा समजत, भिकारी समजत, चोर समजून हाकलतही. तो झाडतच राही. दुपारी कुणाच्या दारात भाकरी मागे, पण आधी लाकडे फोडून किंवा अंगण झाडून, फुकट नाही. भाकरी दिली तर दाराबाहेर बसून खाई. संध्याकाळपर्यंत गावाची अर्धी घाण एका कडेला ढीग होऊन पडलेली असे आणि हा वेडा कोण म्हणून कुजबूज सुरू झालेली असे. मग कळे की आज रात्री कीर्तन आहे, आणि कीर्तनकार तोच.

सकाळी ज्याला हाकलले त्याच्या समोर रात्री गाव बसे. या नाट्याची ताकद बाबांना नक्की कळत होती. पण दिवसभराची झाडलोट खरी होती, हा त्यातला मुद्दा. लोकांनी ती स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली असे. रात्री ऐकलेले शब्द पटायचे की नाही हे सकाळच्या गल्लीवरून ठरत होते.

आणि कीर्तन तरी कसले! पेटी-तबल्याचा थाट नाही, संस्कृत श्लोक नाहीत. टाळ नसला तर दोन दगड. देवकीनंदनाच्या नावाचा गजर करून लोकांना हाताशी घ्यायचे आणि मग वऱ्हाडी बोलीत प्रश्न टाकायचे. देव दगडाचा असतो काय? दगडाला बोकड लागते काय? बोकडाला लेकरू नाही काय? प्रश्न बाबांनी विचारायचा आणि उत्तर हजार लोकांनी एकदम द्यायचे. आपणच दिलेले उत्तर माणसाला नाकारता येत नाही. मी पुढे बँकेच्या कर्जमेळाव्यांत बरीच भाषणे ऐकली आणि काही दिलीही, पण समोरच्याकडून उत्तर वदवून घेण्याची ही रीत कुणालाच साधली नाही. आम्ही सगळे सांगत होतो.

कीर्तन संपले की पाया पडायला गर्दी होई, आणि तेव्हा बाबा पळ काढत. पाया पडणाऱ्यावर काठी उगारल्याच्या गोष्टी गावोगाव सांगतात. आपण कुणाचे गुरू नाही आणि आपल्याला कुणी शिष्य नाही हे ते ठासून सांगत. थोडा विचार करा, त्या काळात महाराजपण स्वीकारले असते तर काय काय मिळाले असते. एक पादुका ठेवायची, एक गादी बनवायची, उत्सवाची तिथी ठरवायची. आपल्याकडे हे सगळे तयारच असते, माणसाने नुसते बसायचे. बाबा बसले नाहीत.

आता पैशाकडे येतो. भाच्याचा चेहरा इथे जरा गंभीर झाला होता.

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीकाठी ऋणमोचन नावाचे तीर्थ आहे. नावच असे की जिथे ऋण सुटते. पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. उतरायला धड वाट नाही, चिखलात बायाबापड्या घसरून पडत. 1908 मध्ये बाबांनी तिथे घाटाचे काम हाती घेतले. स्वतः माती-दगड वाहायला लागले, मग लोक लागले. तिथून पुढे त्यांचे बांधकाम थांबले नाही. पंढरपूरला 1917 च्या सुमारास अस्पृश्य यात्रेकरूंसाठी चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा उभी राहू लागली, कारण विठ्ठलाच्या गावात याच भक्तांना पाठ टेकायला जागा नव्हती. मग नाशिक, देहू, आळंदी, मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी. जोडीला सदावर्ते, गोरक्षण, आंधळ्या-पांगळ्यांना आणि महारोग्यांना अन्न-वस्त्र, पुढे आश्रमशाळा आणि वसतिगृहे. लाखो रुपये या माणसाच्या नावावर गोळा झाले.

माझ्यासारख्याचा हात इथे आपोआप हिशोबवहीकडे जातो. नोकरीत आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले होते की कर्ज मागणारा काय बोलतो ते ऐकून घ्या, पण मंजुरीआधी मागच्या तीन वर्षांचा ताळेबंद बघा. बाबांचा ताळेबंद बघितला तर काय दिसते? पैसा त्यांच्या हातात राहत नसे, तो विश्वस्तांकडे किंवा थेट बांधकामाच्या सामानात जाई. प्रत्येक संस्थेचा रीतसर ट्रस्ट केलेला. निरक्षर माणसाने एवढे कागद करवून घेतले याचे मला पूर्वी आश्चर्य वाटे. चंद्रभानाचा अंगठा आठवला की वाटत नाही. आणि त्या कागदांत अशी तरतूद की आपल्या कुठल्याही नातेवाइकाचा या संस्थेवर काडीचाही हक्क नाही. चरित्रकार सांगतात की आपण बांधलेल्या धर्मशाळेतले ते जेवत नसत. बाहेरून भाकरी मागून आणत आणि तीच खात. दगड-चुन्याच्या एवढ्या इमारती उभ्या करून शेवटपर्यंत मालमत्तेच्या रकान्यात गाडगे, खराटा आणि चिंध्या.

मराठीत पत हा फार चांगला शब्द आहे. इंग्रजी ब्रँडला तो जुळत नाही. पत स्वतःला लावून घेता येत नाही, दुसऱ्याने ठेवावी लागते आणि ती रोज मोजली जाते. एकदा बुडवली की पाटी कितीही रंगवा. मी भाच्याला हे समजावू लागलो तेव्हा त्याने मध्येच मुद्द्याचा प्रश्न विचारला. हे सगळे ठीक आहे मामाजी, पण या माणसाच्या बायकोचे काय झाले?

बरे झाले त्याने विचारले. कारण गाडगेबाबांवर लिहिणारे, बोलणारे बहुतेक लोक या जागी घाई करतात.

कुंताबाई पुढे ऋणमोचनलाच येऊन राहिल्या, झोपडीत. सासू, लेकरे आणि ती. नवरा सारा महाराष्ट्र झाडत हिंडतो आहे, त्याच्या शब्दासरशी धनिक थैल्या सोडताहेत, आणि त्याच्या बायकोने मात्र कष्ट करून पोट भरायचे. धर्मशाळेच्या एका खोलीत तिची सोय झाली असती तर कुणी नाव ठेवले नसते. पण बाबांना ते मान्य नव्हते. आपल्या माणसाला एक खोली दिली की लोकांचा पैसा घरात शिरला, असा त्यांचा सरळ हिशोब. त्यात चूक काढता येत नाही, आणि तरी मला तो वाचताना दर वेळी बोचतो. त्यागाचा निर्णय त्यांनी घेतला होता. कुंताबाईंना कुणी विचारले होते? ज्या पतीबद्दल आपण इतक्या कौतुकाने बोलतो, त्याची अर्धी किंमत एका बाईने झोपडीत राहून मोजली आणि तिच्या नावाचे तिकीट निघाले नाही.

मग 1923. बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तनात उभे होते. एकुलता उरलेला मुलगा गोविंद गेल्याची बातमी तिथे पोचली. ती त्यांना कळली, आणि कीर्तन थांबले नाही. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून आपण सगळे वाचत आलो. लहानपणी मला त्यात धैर्य दिसे. बाप झाल्यावर भीती वाटली. आता या वयात वाटते की त्या रात्री ते थांबले असते, मंडपातून बाहेर जाऊन रडले असते, तरी त्यांची उंची तसूभर कमी झाली नसती. पण त्यांनी जे आयुष्य पत्करले होते त्यात आपले मूल आणि दुसऱ्याचे मूल असा फरक करायचा नाही असे त्यांनी स्वतःला बजावले होते, आणि त्या बजावण्याला सवलत नव्हती. हे थोर की कठोर, याचा निकाल मी देऊ शकत नाही. दोन्ही असावे. ऋणमोचनच्या झोपडीत त्या दिवसांत काय चालले होते ते कुणी लिहून ठेवलेले नाही.

हे सगळे ऐकल्यावर भाचा बराच वेळ पाण्याकडे बघत बसला. त्याची शिकवणी घेणाऱ्यांनी त्याला सांगितले होते की लोकांना आपले खासगी आयुष्यही थोडे थोडे दाखवावे, त्याने जवळीक वाटते. बाबांनी खासगी आयुष्य दाखवले नाही. त्यांनी ते ठेवलेच नाही. या दोन्हींत मधली वाट माणसाला असायला हवी, असे माझे मत आहे, आणि माझ्यासारखे संसारी लोक तीवरूनच चालतात. म्हणूनच आमची चित्रे चार रेघांत काढता येत नाहीत.

पुढच्या काळात मोठी माणसे बाबांच्या जवळ आली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराडच्या महाविद्यालयाला त्यांचे नाव दिले, ते 1954 साल. बाळासाहेब खेरांसारखे मुख्यमंत्री त्यांच्या कामात रस घेत. 1952 मध्ये संस्थांचा कारभार पाहण्यासाठी गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. पण मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो 1949 चा व्यवहार. पंढरपूरची ती चोखामेळा धर्मशाळा बाबांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. तीस वर्षांपूर्वी पै-पै जमवून बांधलेली वास्तू. एकीकडे कीर्तनातून देवाचे नाव घेणारा परीट, दुसरीकडे पंढरीच्या वाटेबद्दल कसलीच आशा न उरलेला विद्वान. धर्माबद्दल त्यांचे मतैक्य नव्हते. पोरांनी शिकले पाहिजे यावर होते, आणि यात्रेकरूंच्या वास्तूचा उपयोग शिक्षणासाठी होणार असेल तर ती देऊन टाकायला बाबांना अवघड गेले नाही. आपल्या नावाची पाटी राहील की नाही, हा प्रश्न त्यांच्या मनाला शिवला असेल असे वाटत नाही.

पाटीवरून आठवले. काही वर्षांपूर्वी याच पाळीवर मी एक स्वच्छता मोहीम बघितली होती. कुणाची ते सांगत नाही. सहलीला येणाऱ्यांच्या कृपेने तिथे पत्रावळी, थर्माकोलच्या ताटल्या आणि बाटल्या पडलेल्या असतातच. एक मोठा फलक आला, त्यावर डाव्या कोपऱ्यात बाबांचे चित्र. मग नवे कोरे खराटे आले, ज्यांच्या मुठीवरचा प्लॅस्टिकचा कागदही काढलेला नव्हता. पांढऱ्या शुभ्र कपड्यांतली वीस-पंचवीस माणसे ओळीत उभी राहिली, कचऱ्याच्या जरा अलीकडे, कारण तिथे उजेड चांगला होता. फोटो झाले. वीस मिनिटांत गाड्या परतल्या. कचरा तिथेच, शिवाय खराट्यांवरचे कागद. दुसऱ्या दिवशी गावातल्या बचत गटाच्या दोन बाया आल्या आणि त्यांनी गुपचूप पोती भरून नेली. त्यांचा फोटो कुणी काढला नाही. माझ्याकडेही नाही.

तरी चित्राचाही काही उपयोग होतो हे नाकारू नये. संत गाडगेबाबांच्या नावाचे ग्रामस्वच्छता अभियान 2000 मध्ये सुरू झाले तेव्हा मी बँकेत होतो. बक्षिसाच्या चुरशीने का होईना, गावे खरोखर झाडली गेली, संडास बांधले गेले, ग्रामसभेत बाया बोलू लागल्या. काही गावे बक्षिसाची कमान उभी करून दुसऱ्या वर्षी होती तशी झाली, काही टिकली. जी टिकली तिथे चौकशी केली की कुठला तरी एक शिक्षक, एक सरपंचबाई, एक कोतवाल असा निघे जो पहाटे स्वतः खराटा घेऊन निघत होता. बाबांचे नाव त्याच्या कामाला आले. त्याच्यावाचून नाव नुसते भिंतीवर होते.

भाच्याने त्या दिवशी तलावावरचे आपले चित्रण पुसून टाकले की ठेवले, मी विचारले नाही. तो त्याचा धंदा आहे आणि पोट भरायला माणसाला दुकान लावावेच लागते. परत येताना तो मात्र बाबांबद्दल विचारत होता, शेवट कसा झाला म्हणून.

8 नोव्हेंबर 1956 रोजी बाबांचे शेवटचे कीर्तन झाले. जागा कुठली, तर मुंबईतल्या वांद्रे पोलिस ठाण्याचे आवार. समोर पोलिस आणि त्यांच्या बायका-मुले. सुदैवाने ते कीर्तन ध्वनिमुद्रित झाले. मी ऐकले आहे. थकलेला, घोगरा, घाई नसलेला आवाज. प्रश्न येतो, क्षणभर शांतता, आणि मग सगळ्या लोकांचे एकदम उत्तर. त्यात ना खराटा दिसतो, ना गाडगे.

6 डिसेंबरला बाबासाहेब आंबेडकर गेले. प्रकृती ढासळलेले बाबा विदर्भात परतले होते. 20 डिसेंबर 1956 च्या मध्यरात्री त्यांना मोटारीने अमरावतीला नेत होते. वाटेत वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलाशी, त्यांनी प्राण सोडला. सकाळ होईपर्यंत बातमी गावोगाव पोचली आणि लोक मिळेल त्या वाहनाने, नाही तर पायी, अमरावतीच्या रस्त्याला लागले.